सासवडच्या आठ कोंबड्या धायरीत: अंडी परत सुरू होईपर्यंतच्या नोंदी

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतरचं ठरलं, तेव्हाच तिच्या कोंबड्या आमच्याकडे आणायच्या हेही ठरलं. आठ कोंबड्या आणि एक कोंबडा. तीन गावरान (ठिपकी, बोडकी, राखी), चार ऱ्होड आयलंड रेड, ज्यांना आत्या नुसतं तांबड्या म्हणते, आणि एक काळी ऑस्ट्रॉलॉर्प. सासवडला रोज चार-पाच अंडी मिळायची. वही घातली ती आत्याला फोनवर नीट सांगता यावं म्हणून. पण पुण्यात परसात कोंबड्या आणून महिनाभर अंड्यांची रिकामी पेटी बघत बसलेले ओळखीत तिघं-चौघं आहेत. त्यांच्याही उपयोगी पडेल म्हणून चुकांसकट सगळं लिहिते.

घरामागे दीड गुंठा मोकळी जागा आहे. एका जणाकडून जुनं लाकडी खुराडं ३,५०० रुपयांना घेतलं, चार फूट बाय तीन. त्याला जोडून जाळीचं अंगण केलं, आठ बाय सहा फूट. जाळी रविवार पेठेतून आणली, २,२०० रुपये. कोंबडजाळीची भोकं मोठी असतात, मुंगसाचं तोंड सहज आत जातं. म्हणून खालच्या दोन फुटांना बारीक वेल्डमेश लावली.

पहिली चूक आजच झाली. आत्या म्हणाली होती, "रातच्याला ने, अंधारात गप बसतात." टेम्पोवाला सकाळी अकराशिवाय यायला तयार नव्हता, मी ऐकलं. बोपदेव घाटापर्यंत ठीक होतं. पुढे कोंढव्यात एका प्रचारफेरीत पाऊण तास अडकलो. तीन डालग्यांत नऊ जीव, वर ऊन, शेजारी लाउडस्पीकर. दोन तांबड्या चोच उघडून धापा टाकायला लागल्या. रस्त्याकडेच्या दुकानातून बर्फ घेतला, ओला गोणपाट डालग्यावर टाकला, तेव्हा शांत झाल्या. उतरवताना एका डालग्यात फुटलेलं अंडं. टेम्पो १,८०० रुपये.

रविवार, १० नोव्हेंबर

सकाळी जाळीचं दार उघडून दिलं. त्यांना मोकळं वाटेल असं मला वाटलं. संध्याकाळी सहाला तीन कोंबड्या शेवग्यावर, दोन शेजारच्या भिंतीवर, काळी बेपत्ता. खुराड्यात फक्त कोंबडा आणि दोन तांबड्या.

अंधार पडेपर्यंत थांबलो, ते बरं केलं. अंधारात कोंबडीला दिसत नाही, ती जागची हलत नाही. बॅटरीचा उजेड बाजूला धरून दोन्ही हातांनी पंख दाबून उचलली की येते. काळी पाण्याच्या टाकीमागे सापडली, साडेआठला.

आत्याचा फोन: "अगं, आधी चार-सा दिस कोंडून ठेव. आपलं निजायचं ठिकाण कुठलं ते कळू दे त्यांना. मग सोड." शुक्रवारपर्यंत दार बंद. खुराडं आणि जाळीचं अंगण, एवढ्यातच फिरतील.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

अंडी शून्य. तीन दिवस झाले, त्याची अपेक्षा होती. पण आज संध्याकाळी पाण्याची बादली बघितली तर पातळी जवळपास जागची जागी.

मी ६५० रुपयांचा निपलवाला, म्हणजे तोटीला चोच मारली की पाणी येतं तसा, पाण्याचा संच लावला होता. पाणी घाण होत नाही, सांडत नाही. या कोंबड्यांनी जन्मात निपल बघितलेला नाही. चोच मारायची कुठे हेच त्यांना माहीत नव्हतं. अंगणातल्या कुंडीच्या बशीत उरलेलं पाणी त्या पीत होत्या, तेही संपलं होतं. अंड्यावर असलेली कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, आणि अंड्याचा बराचसा भाग पाणीच असतो. पाणी तुटलं की अंडं तुटतं. दोन दिवस अशी तहान काढायला लावली याचं फार वाईट वाटलं.

आत्याकडचं जर्मनचं भगुणं डालग्यासोबत आलं होतं. ते भरून ठेवलं आणि सगळ्या तुटून पडल्या. संच काढून ठेवला.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आजपासून तुळशीची लग्नं. कोंबड्या दिवाळीनंतर आणायच्या हे फटाक्यांसाठीच ठरवलं होतं, तुळशीचं लग्न मात्र डोक्यातून गेलं होतं. साडेसातपासून माळा सुरू झाल्या. खुराड्याच्या तिन्ही बाजूंना गोणपाट बांधले, वारा येण्यापुरती वरची पट्टी उघडी ठेवली. पंधरा तारखेच्या त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज हेच करायचं.

शनिवार, १६ नोव्हेंबर

दार उघडलं, पण संध्याकाळी पाचला. सूर्य मावळायला तासभर असताना सोडलं की लांब जायला वेळच नसतो आणि झोपायची ओढ आत आणते. सहाला आठही कोंबड्या आत गेल्या. बोडकी भिंतीवर चढली होती, पण बाकीच्या गेलेल्या बघून स्वतःच उतरली. उद्या दुपारपासून, परवापासून दिवसभर सोडणार.

अंडी अजून शून्य. आठवा दिवस.

सोमवार, १८ नोव्हेंबर

खाण्याची गडबड सापडली. आत्या ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी आणि शिळी भाकरी घालायची. मी २५ किलोचं लेअर मॅशचं, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्याचं, पोतं आणलं (९५० रुपये) आणि पहिल्या दिवसापासून फक्त तेच ठेवलं. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम मोजून असतं, अंड्यावरच्या कोंबडीला हवं तसं. म्हणून चांगलं केलं असं समजत होते. पण दळलेला भरडा त्यांना ओळखीचा नाही. उकरून सांडतात, दाण्याचे तुकडे तेवढे वेचतात. नऊ दिवसांत पोत्यातलं किती पोटात गेलं आणि किती मातीत, सांगता येणार नाही.

आजपासून निम्मी ज्वारी-बाजरी, निम्मा मॅश, पाण्याने किंचित ओला करून. ओला मॅश उन्हात दुपारपर्यंत आंबतो, म्हणून सकाळी अर्ध्या तासात संपेल एवढाच भिजवायचा. दर दोन-तीन दिवसांनी धान्य थोडं कमी करत जायचं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, ५ किलो १२० रुपयांना. तो मॅशमध्ये मिसळायचा नाही. जिला लागतो ती आपणहून खाते.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. मत देऊन आलो आणि प्रत्येक कोंबडी हातात घेऊन तपासली. आत्याने फोनवर शिकवलं: शेपटीखाली दोन टोकदार हाडं लागतात, त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं बसली तर कोंबडी अंड्यावर आहे, एकच बोट बसलं तर बंद आहे. तुरा लाल आणि गरम आहे का बघायचं. पाठीवर हात ठेवला की पंख किंचित पसरून खाली बसते का तेही.

ठिपकी, काळी आणि एक तांबडी: तीन बोटं, लाल तुरा, हात ठेवताच बसल्या. म्हणजे तिघी अंडी देताहेत. मग अंडी कुठे आहेत?

गुरुवार, २१ नोव्हेंबर

सुट्टी टाकली आणि सकाळी आठपासून मागच्या पायरीवर बसून राहिले. साडेनऊला ठिपकी सगळ्यांपासून बाजूला झाली, दोनदा मागे बघितलं आणि बोगनवेलीखाली रचलेल्या जुन्या कौलांमागे शिरली. चाळीस मिनिटांनी बाहेर येऊन ओरडून अंगण डोक्यावर घेतलं. आत पाच अंडी.

पाचही पाण्यात टाकून बघितली. चार तळाशी आडवी राहिली, एक किंचित तिरकं झालं. ताजीच होती. बारा दिवस आम्ही "धक्का बसलाय, घडी बसेल हळूहळू" म्हणत होतो. धक्का बसला होता, पण सगळ्यांना नाही. तिघी कामाला लागल्या होत्या, त्यांना आमची पेटी पसंत नव्हती, इतकंच.

पेटीत काय वाईट होतं ते तिच्यासमोर उकिडवी बसून पाहिल्यावर दिसलं. तोंड पूर्वेला, सकाळी आठ ते अकरा, म्हणजे नेमक्या अंड्याच्या वेळेला, थेट ऊन आत. तळाला गुळगुळीत पत्रा, त्यावर जेमतेम बोटभर भुसा. आणि पेटी निजायच्या दांड्यापेक्षा उंच, त्यामुळे दोन तांबड्या रात्री तिच्यातच झोपायच्या आणि घाण करायच्या. कौलांमागे मात्र अंधार, पाठीला भिंत, खाली वाळला पाला.

दुरुस्तीला दुपार लागली. पेटीचं तोंड भिंतीकडे वळवलं, वीतभर फट ठेवली. पुढे गोणपाटाचा पडदा, मधोमध चिरलेला. तळाला चार बोटं भाताचा पेंढा. पेटी दांड्याच्या खाली उतरवली. आत प्लास्टरचं खोटं अंडं ठेवलं. कौलं हलवून जागा मोकळी केली. आणि पुढचे चार दिवस सकाळी साडेदहापर्यंत कोंबड्या आतच ठेवायच्या, बहुतेक अंडी तोवर होतात.

रविवार, २४ नोव्हेंबर

शुक्रवारी पेटीत दोन अंडी, दोन्ही खोट्या अंड्याला चिकटून. काल निवडणुकीचा निकाल लागला, दुपारपासून रात्री अकरापर्यंत फटाके आणि डीजे. आज सकाळी दांड्याखाली एक अंडं कवचाशिवाय, नुसतं पातळ सालीचं, हाताला फुग्यासारखं. कवच चढायला वीसेक तास लागतात. त्यात घाबरली तर अंडं आधीच निसटतं. शिंपल्यांची वाटी भरलेली आहे, म्हणून अजून काही बदलत नाही. तीन दिवसांत परत असं झालं तर बघू.

सोमवार, २५ नोव्हेंबर

कोंबडा परत सासवडला गेला. पहाटे चारपासून आरवायचा. शेजारच्या काकूंनी आधी दोनदा हसून सांगितलं, तिसऱ्यांदा हसल्या नाहीत. त्यांचे यजमान आजारी असतात, त्यांचं बरोबर होतं. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, तो लागतो पिल्लांसाठी. तरी दिवसभर कोंबड्या कावऱ्याबावऱ्या होत्या. घार दिसली की इशारा द्यायचा तो तोच.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

दोन, दोन, एक, आणि काल-आज शून्य. थंडी वाढली आहे, अंगणातला थर्मामीटर पहाटे ११ दाखवतो. थंडीमुळे असेल असं लिहून ठेवते. संध्याकाळी आत जायला कुरकुर करतात, हाकलावं लागतं. रात्री टाकीवर चढून बसतात.

सोमवार, २ डिसेंबर

वरचा कयास चुकीचा निघाला.

आज तुरे बघितले तर ठिपकी आणि काळी, दोघींचे फिकट गुलाबी झालेले. आत्याला सांगितलं. तिने एकच विचारलं, "रातच्याला बॅटरी घेऊन बघितलंस का?" नव्हतं बघितलं. दिवसा खुराडं रोज झाडत होते आणि दिवसा ते स्वच्छच दिसायचं.

रात्री दहाला गेलो. निजायच्या दांड्याच्या खालच्या बाजूने पांढरा कागद घासला. कागदावर तांबड्या रेघा उमटल्या. बॅटरी जवळ नेली तेव्हा दांड्याच्या टोकाला, जिथे तो फळीत बसतो त्या खाचेत, मोहरीहून बारीक लाल-राखाडी किडे हलत होते, शेकड्यांनी. पोल्ट्रीवाले त्यांना लाल माइट म्हणतात. दिवसा लाकडाच्या फटीत लपतात, रात्री कोंबडीच्या अंगावर चढून रक्त पितात आणि उजाडायच्या आत परत फटीत. म्हणून कोंबड्या आत जायला तयार नव्हत्या. म्हणून तुरे फिके. ज्या अंगातून रोज रक्त जातंय ते अंडं कसं देणार?

कोंबड्यांच्या अंगावर हे किडे आत्याकडून आले नव्हते, तिथे सिमेंटचं खुराडं आहे, फटीच नाहीत. आले ते जुन्या लाकडी खुराड्याबरोबर, मी पैसे देऊन आणले. रिकाम्या खुराड्यातही हे किडे महिनोन्‌महिने उपाशी तग धरतात. घेताना मी फळ्या मजबूत आहेत का बघितलं, खाचांमध्ये एक चाकू घालून बघितला नाही. दहा सेकंदांचं काम होतं.

आज रात्रीच आठही कोंबड्या काढून डालग्यांत घातल्या आणि पोर्चमध्ये ठेवल्या.

३ ते ८ डिसेंबर

क्रमाने काय केलं ते लिहिते, कारण हे अर्धवट केलं तर काही उपयोग नाही.

आतलं सगळं तूस, पेंढा, गोणपाट जाळून टाकलं. दांडे काढून फेकले. फळ्यांच्या सांध्यांवर उकळतं पाणी ओतलं, मोठी पातेली सहा वेळा. किडे पाण्याबरोबर वाहत खाली आले. एक दिवस उन्हात वाळू दिलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खुराड्याला मारायचं औषध लिहून दिलं (औषध आणि फवारणीचा पंप मिळून ४०० रुपये), ते फटींमध्ये मारलं, कोंबड्यांपासून लांब. वाळल्यावर चुन्याची दाट सफेदी, आतून-बाहेरून, ब्रशने प्रत्येक खाचेत कोंबून. चुना आणि ब्रश २६० रुपये. हातमोजे न घालता सुरुवात केली आणि बोटं सोलली. चुना पूर्ण वाळायला दोन दिवस दिले, ओल्या चुन्याने कोंबड्यांचे पायही भाजतात.

दांडे नव्या बांबूचे, १८० रुपये. आता ते फळीत खोचलेले नाहीत, दोन लोखंडी कंसांवर नुसते ठेवले आहेत, म्हणजे दर आठवड्याला उचलून टोकं बघता येतात.

कोंबड्यांसाठी तगारीत माती आणि चुलीची चाळलेली राख. दिवसभर त्यात लोळत असतात. पहिल्या दिवशी बोडकीने कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

डॉक्टरांना मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) लसीचंही विचारलं, या वेळची राहिली आहे. ते म्हणाले, एवढ्या अशक्त असताना नको, तुरे लाल होऊ देत, मग आणा.

मंगळवार, १० डिसेंबर

परत उकळतं पाणी आणि औषध. पहिल्या वेळी किडे मरतात, त्यांची अंडी राहतात. आठवड्याभरात नवी पिढी तयार होते. रात्री कागद घासला, एक बारीक रेघ. १७ तारखेला तिसरी खेप.

शुक्रवार, १३ डिसेंबर

आता उजेड. कोंबडीला नियमित अंड्यांसाठी चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो आणि पुण्यात सध्या दिवस अकरा तासांचा आहे. नऊ वॉटचा पिवळसर बल्ब आणि टायमर, ६२० रुपये. पहिल्या दिवशी संध्याकाळी सहा ते आठ लावला. आठला एकदम अंधार झाला तेव्हा चार कोंबड्या जमिनीवर होत्या, दांडा सापडेना, रात्रभर एकमेकींवर चढून कोपऱ्यात बसल्या. आजपासून पहाटे: साडेसहाला सुरू, दर दोन दिवसांनी अर्धा तास आधी, पहाटे चारपर्यंत न्यायचा. संध्याकाळ नैसर्गिक, आपोआप मावळते.

रविवार, १५ डिसेंबर

दोन तांबड्यांची पिसं झडायला लागली, मानेपासून सुरुवात. अंगण पांढऱ्या-तांबड्या पिसांनी भरलं. हा आजार नाही. ताण, उपास, रक्त जाणं, या सगळ्यानंतर शरीर आधी पिसं नवी करून घेतं. या दोघी दीड-दोन महिने अंडी देणार नाहीत, त्यांच्याकडून मागायचंही नाही. पिसं बहुतेक प्रथिनांचीच असतात, म्हणून थोडी शेंगदाण्याची पेंड आणि आठवड्यातून दोनदा मूठभर सुकट. सुकट जास्त झाली तर अंड्याला वास येतो.

बुधवार, १८ डिसेंबर

सकाळी सव्वादहाला पेटीत एक अंडं. काळीचं. फिकट तपकिरी, टोकाला चुन्याचे बारीक खडे. कवच घट्ट. आत्याला फोटो पाठवला. फिजिओथेरपी चालू होती तरी लगेच फोन केला आणि काळीला गूळ घाल म्हणाली. गूळ नाही घातला, ओली ज्वारी घातली.

मंगळवार, २४ डिसेंबर

आठवड्यात एक, शून्य, एक, दोन, एक, दोन, तीन. सगळी पेटीत. ठिपकीचा तुरा परत लाल. काल आणि आज रात्री कागद कोरा.

एक नवी अडचण: पेटीजवळ उकरलेली माती आणि अर्धं कवच. आधी वाटलं कोंबडीच अंडं फोडून खाते. पण बिळाचं तोंड भिंतीच्या पायाशी निघालं, घुशीचं. जाळी जमिनीत फूटभर खाली पुरायला हवी होती, मी वरवर टेकवली होती. उरलेली वेल्डमेश बाहेरच्या बाजूने आडवी अंथरून वर विटा ठेवल्या. अंडी आता अकराला उचलते, दुपारपर्यंत ठेवत नाही.

सोमवार, ३० डिसेंबर

राखी खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायच्या नादाला लागली. पेटीतून उठत नाही, हात घातला की फुगून टोचते. आत्याचं पहिलं म्हणणं, रवणाला (अंडी उबवायला) बसव. पण कोंबडा जाऊन महिन्यावर दिवस झाले, आताच्या अंड्यांत जीव धरणार नाही. तिला खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन दिवस ठेवणार, दाणापाणी समोर, पेंढा नाही. पोट गार राहिलं की खुडूकपणा उतरतो. तरी मला तिचं खुडूक बसणं बरं वाटलं. जागा आपली वाटल्याशिवाय कोंबडी अंड्यांवर ठिय्या देत नाही.

रविवार, ५ जानेवारी २०२५

गेले चार दिवस रोज चार अंडी. ठिपकी, काळी, बोडकी आणि दोन तांबड्या आलटून पालटून. राखी पिंजऱ्यातून बाहेर, अजून दोन आठवडे तरी तिच्याकडून काही नाही. पिसं झडलेल्या दोघींच्या मानेवर नव्या पिसांच्या निळसर नळ्या दिसतात, त्यांना हात लावला तर दुखतं, म्हणून उचलत नाही.

हलवल्यापासून आजवरचा खर्च १०,६८० रुपये, त्यातले निपलचे ६५० वाया. खुराड्याचे ३,५०० वाया गेले असं म्हणत नाही, पण त्यांनी तीन आठवडे खाल्ले. मिळालेली अंडी साठेक, त्यातली बारा आत्याकडे गेली. ती आता काठी घेऊन दारापर्यंत येते. डबा उघडून एकेक अंडं हातात घेतलं आणि कुठलं कुणाचं ते न चुकता सांगितलं. एका अंड्यावर थांबून म्हणाली, "ही बोडकी. हिचं कवच अजून पातळ लागतंय, शिंपले बघ."

आज बघितलं. वाटी रिकामी होती, तळाला नुसती पावडर. भरली. मानमोडीची लस पुढच्या रविवारी. दांड्यांची टोकं दर शनिवारी रात्री, चुन्याचा पुढचा हात १५ फेब्रुवारीला.